डब्याचं दार

२ मार्च

घर सोडलं! म्हणजे अंगण ओलांडलं. आता मुक्काम डब्यात. डबा म्हणजे आमचा छोटा ट्रेलर, निवृत्त झाल्यावर मी हौसेने घेतला, गाडीमागे जोडून दोघांनी हिंडायचं म्हणून. आत एक पलंग, एक शेगडी आणि एक दार. हिंडणं राहिलं बाजूला, रुसून बसायला मात्र उपयोगी पडला.

झालं असं. काल पाहुण्यांसमोर मी सहलीचा विषय काढला. ही म्हणाली, "हातातली कामं पुरी केल्याशिवाय मी कुठे जात नाही, तुम्हाला माहीत आहे." आणि माझी जीभ सुटली. "कामं कसली? चिंध्यांना चिंध्या जोडायच्या!" पाहुणे हसले. ही नाही हसली. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर हिचा टाका आहे.

पाहुणे गेल्यावर वाद झाला, म्हणजे मी एकटाच बोलत होतो. उशी उचलली आणि इकडे आलो. येताना डब्याचं दार असं हिसडलं, की ते उघडं धरून ठेवणारी क्लिपच मोडून हातात आली.

३ मार्च

चुकलं माझं. उठल्याउठल्या हेच मनात आलं.

पण सांगायचं कसं? आमच्याकडे कुणी माफी मागत नाही, दार उघडं ठेवतात. लग्न झाल्यापासूनची पद्धत. भांडण झालं की मी खोलीचं दार उघडं टाकून बसायचो, ही चहा घेऊन यायची, विषय मिटला. तेव्हा ठरवलं — डब्याचं दार सताड उघडं ठेवायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला समोरच दिसतं.

पण राहील तर ना! क्लिप नाही आणि वारा सुटलाय. जरा झुळूक आली की धाडकन बंद.

४ मार्च

वीट लावली. दार जमिनीपासून इतकं उंच, की विटेच्या डोक्यावरून गेलं! मग स्टूल आणि स्टुलावर वीट. स्टूल आडवं, वीट पायावर.

जन्मभर लिफ्टच्या दुरुस्त्या केल्या. दारं नीट बंद होतायत ना, एवढंच बघत आलो. उघडं ठेवायची अक्कल कुठून येणार?

६ मार्च

सुतळी बांधून पाहिली — ढिली पडली. टपावर सामान आवळायची रबरी दोरी लावली — तिचा आकडा सुटून अंगठ्यावर बसला. काळानिळा! मग जुन्या सामानातलं दणकट लोहचुंबक काढलं. चिकटेचना. डब्याचा पत्रा ॲल्युमिनियमचा! सगळी नोकरी धातूत घालवली आणि हे सुचू नये?

हार्डवेअरवाला म्हणाला, "काका, तशी क्लिप मागवावी लागेल. तोवर काकूंना सांगा, दार धरून उभ्या राहा!" हसलो. काय करणार.

७ मार्च

तिची कोरफडीची कुंडी पायरीवर ठेवून दार टेकवलं. वारा आला, दार आलं, कुंडी खाली — खळ्ळ! ही खिडकीत उभी होती. पडदा ओढून घेतला.

९ मार्च

चहा नाही. म्हणजे राग गेलेला नाही. बरोबरच आहे तिचं.

१० मार्च

सकाळी लेकीचा फोन. "बाबा, काय चाललंय तुमचं? आई तीनदा चहा घेऊन आली, तिन्ही वेळा तुम्ही तिच्या तोंडावर दार आपटलंत! वर शिव्या दिल्यात. कुंडीसुद्धा फोडलीत. माझ्याकडे ये, म्हणून मी कधीची मागे लागलेय तिच्या."

अगं बाई, वारा होता तो! मी आत, शेगडीशी पाठमोरा. दार आपटलं की दारालाच शिव्या घालत होतो. एकदा तर "जा चुलीत!" असं चांगलं ओरडल्याचं आठवतंय. आणि बाहेर ही, हातात कप घेऊन.

तसाच घरात गेलो. ती खिडकीपाशी शिलाई मशीनवर होती. म्हटलं, "दार मी नाही गं आपटलं. वाऱ्याने. क्लिप मोडलीय."

मशीन थांबलं. "अस्सं?"

मग मी सुटलोच. वीट, स्टूल, सुतळी, रबरी दोरी, अंगठासुद्धा दाखवला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पुढचं वाक्य काय येतंय याची वाट बघत होती, हे आत्ता लिहिताना कळतंय. आणि पुढचं वाक्य मी काय बोललो? ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही!

ती उठली. गळ्यात टेप होतीच. अंगण ओलांडून आली, हँडलपासून माप घेतलं. "जाड कापड आहे माझ्याकडे. पट्टा शिवून देते, बटण लावून." मग थांबून म्हणाली, "चिंध्याच आहेत. चालतील ना?"

"चालतील की!" म्हणालो मी. चालतील की! गाढव. नुसता गाढव.

१२ मार्च

मशीन दिवसभर चालू. लोक येऊन शिवलेले कपडे घेऊन जातायत. मध्येच जाऊन बोलावं असं नाही वाटलं.

उद्या मात्र बोलणार. वाक्य ठरवलंय — "त्या दिवशी मी तुला लागेल असं बोललो, चुकलं माझं." पायरीवर बसून पुटपुटून पाहिलं. जमतंय! अवघड काहीच नव्हतं त्यात. इतके दिवस दाराशी झटत बसलो.

१३ मार्च

क्लिपची चौकशी करायला दुकानात गेलो होतो. आली नव्हती, तिथेच गप्पा मारत बसलो. परत येऊन बघतो तर हँडलला पट्टा! दुहेरी शिवण, कडा दुमडलेल्या, टिचबटण पक्कं, माप तंतोतंत. असा सुबक टाका दुसऱ्या कुणाचा नाही. दार उघडून अडकवलं आणि वाऱ्याला म्हटलं, ये आता! हललं नाही.

आज चहा मी केला. दोन कप मांडले. दार सताड उघडं. समोर पडदा ओढलेलाच आहे, पण येईल.

तिन्हीसांजेला

चहा निवून गेला. शेवटी मीच अंगण ओलांडलं, ते वाक्य घोकत. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकीपाशी मशीन नाही. शिवायला आलेलं एकही कापड मागे नाही. हातातली कामं पुरी करून गेली.