खडूची खूण

मुरबाड, सोमवार संध्याकाळ

कित्येक दिवसांनी आज नखात खडू अडकलाय. धुणार नाही.

कारखान्यात प्रेसवर वाकडे दांडे सरळ करायचं काम माझं होतं. दांडा फिरवून बघायचा, फुगवटा असेल तिथे खडूने खूण करायची आणि तिथेच दाब द्यायचा. एक दिवस मी पाणी प्यायला गेले, तेवढ्यात शेजारच्या मशीनवरच्या दिलीपने माझी खूण पुसून उलट्या बाजूला केली. मी दाबला आणि दांडा तडकला. त्याच्या बोटांना खडू होता, मी नंतर पाहिला. पण तोवर सुपरवायझरने सगळ्यांसमोर मला झापून पॅकिंगला बसवलं होतं. प्रेस दिलीपला मिळाला. हसला होता मेला.

आज तोच आला, चहा घेऊन! "वैनी, प्रेस उचलला की दांडा परत वाकतोय. काय चुकतंय, तुमी सांगा ना."

दांडा सरळच्या थोडा पलीकडे जाईपर्यंत दाबायचा असतो. सोडला की मागे येतो, तेव्हा कुठे सरळ होतो. एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

म्हटलं, "काय चुकत नाय रे. सरळ दिसला की सोड. सकाळपर्यंत आपोआप बसतो."

चहा मात्र प्यायले. वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं.

उद्या सकाळीच गिऱ्हाईक माल तपासायला येणार आहे. निघताना मी पॅकिंगचं माझं स्टूल स्वच्छ पुसलं आणि त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत दिलीपचं नाव लिहिलं.