उरलेला लाल डबा

१ नोव्हेंबर, घरी
बाचं परत तेच. आठवी नापास, अन् तू मले शिकवतं का. म्हटलं, बा, शिकवून नाही राहिलो, सांगून राहिलो. हा ट्रॅक्टर नाही. ही गाडी आपलेआप गिअर बदलते, तिच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं, लाल असते, अन् ते बदलावं लागते. गोंदियाच्या डॉक्टरनं वापरून वापरून आपल्याला विकली, त्यानं कधी बदललं नसंल. आता सुटताना धक्का देते.
बा म्हणते, बैलही देते धक्का.
माय चुलीजवळून : एकाच मातीचे दोन ढेकूळ. फुटत नाही अन् विरघळत नाही.

२ नोव्हेंबर
मी हैदराबादले वर्कशॉपात गाड्या धुतो, खोलत नाही. बाले हे माहीत आहे, म्हणून जास्त बोलता येत नाही. पण पाहतो तर रोज. मेकॅनिक अण्णा सांगते पण. तेलाचे डबे तिथूनच आणले, बॅगेत कपड्यांत गुंडाळून.
लकवा मारला तेव्हापासून बाचा डावा पाय मेलेला. क्लच दाबता येत नाही म्हणून ही गाडी घेतली, हिले क्लचच नाही. त्याच्या आधी दिवसभर अंगणात खाटेवर, नजर रस्त्यावर. गाडी आली अन् पहिल्याच बाजारी एकटा आपल्या तालुक्याच्या गोरेगावले गेला. वांगे आणले निवडून. अर्धे किडके. मायनं किडकं काढून शिजवले.

३ नोव्हेंबर
पुढची चाकं बांधाच्या चढावर घेतली, मागं दगड लावले, खाली सरकलो. तेल निघालं काळं, जळका वास. अण्णाची पद्धत अशी, जेवढं निघते ते मोजाचं अन् तेवढंच नवं भराचं. घमेलं बाजूले ठेवून बोल्ट कसून राहिलो होतो. कोंबडी काठावर बसली. घमेलं उलटं. सारं मातीत.
माय कोंबडीवर, बा माझ्यावर.

४ नोव्हेंबर
शेजारच्या दिलीपला बोलावलं, गाडी ढकलून सपाट अंगणात आणली. मग भरलं. नवं तेल रक्तासारखं लाल. मोजमाप तर कोंबडीनं नेलं, आता गिअरबॉक्सची तेल मोजाची काडी बुडवूनच पाहणं आलं.
म्हटलं, वर्कशॉपात गाडी चालू ठेवून काडी काढतात वाटते.
बा : वाटते का माहीत हाय?
माहीत नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण धुताना, लांबून.
बानं जन्मभर दुसऱ्याचे ट्रॅक्टर चालवले. धानाची रोवणी असो का चुरणी, सकाळी उठून पहिलं काम तेल मोजणं. इंजन थंडं, बंद. चालू इंजनात तेल मोजणारा पागल, म्हणते. दिलीपही ट्रॅक्टरवाला, तोही मान हलवून राहिला. काडी बाच्या हाती दिली. भांडून थकलो होतो.
काडी बानंच बुडवली. दुपट्ट्याले पुसली, परत बुडवली, उन्हात धरली. खुणेवर बरोबर.
बस, भरलं.
एक डबा उरला. बा म्हणे, पाहाय, वाचला का नाही एक? देवाजवळच्या फळीवर ठेवला. खूष.

५ नोव्हेंबर
गाडी चांगली चालली. धक्का नाही. स्टेशनवर बानंच सोडून दिलं. रस्ताभर भांडायला काही उरलंच नव्हतं. कारमधून उतरून जनरलच्या डब्यात चढणारा मी एकटाच असीन.
बा गाडीतून उतरला नाही, काच खाली करून पाहत राहिला. रेल्वे सुटली तरी.

९ नोव्हेंबर, हैदराबाद
मायचा फोन. काल शेजारच्या गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा, रात्री नाटक. बा मायले घेऊन निघाला. लकव्यानंतरची पहिली मंडई. माय नवं लुगडं नेसली होती.
मंडईच्या तोंडाशी इंजन नुसतं ओरडे, गाडी जागची हाले ना. जळका वास. मग दिलीपनं ट्रॅक्टरले दोर बांधून ओढत आणली, भर मंडईतून, दुकानायच्या मधातून. सारा गाव थांबून पाहे. दिलीप म्हणे, काका, आता हिले वखर लावा.
बा स्टिअरिंग धरून सरळ समोर पाहत बसला होता, म्हणे.
नाटक नाही पाहिलं.

१० नोव्हेंबर
अण्णाले सांगितलं. त्यानं एकच विचारलं, तेल मोजलं कसं?
बंद केली का तेल खाली उतरते, काडीवर जास्त दिसते. चालू झाली का वर ओढलं जाते, खाली कमी पडते. कमी तेलात आतल्या प्लेटा घसरतात, जळतात. आता वरून टाकूनही फायदा नाही.
किती कमी असंल? म्हणे, असंल एखादा डबा.
फळीवरच्या डब्याचं मी बोललो नाही.
आज गाड्या नीट धुतल्या नाही. शिव्या खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर
बाचा फोन. काय चुकलं असंल रे?
म्हटलं, माझ्यानंच झालं. तेल हलकं आणलं मी.
मग लय बोलला. स्वस्तातलं पाहतं, शिकला नाही सवरला नाही, चांगली चालणारी गाडी. मी हव हव करत राहिलो. आवाज जुन्यासारखा मोठा होता. बरं वाटलं ऐकून.

१७ नोव्हेंबर
दिलीपनं बाले मोबाईलवर काहीतरी दाखवलं. गाडीचं तेल कसं मोजतात ते. मुद्दाम दाखवलं असंल.
बा फोनवर : चालू गाडीत मोजाचं असते का रे?
म्हटलं, ते दुसऱ्या गाड्यांचं.
हव.
फोन चालू. कोंबड्यांचा आवाज येऊन राहिला होता.
मग म्हणे, जेवला का?
हे माय विचारते. बानं आजपर्यंत कधी नाही.

२० नोव्हेंबर
माय सांगते, बा खाट फिरवून बसते आता. रस्त्याकडे पाठ, गाडीकडेही पाठ. कबाडीवाला आला होता, त्याले हाकललं. फळीवर डबा नाही. कुठं ठेवला विचारलं तर बोलत नाही. गाडीत टाकला का फेकला, कोणाले माहीत.
अण्णा म्हणते, जुना गिअरबॉक्स भेटू शकते, पाहू. पाहू म्हणजे काय ते मले समजते.
पगार झाला. गिअरबॉक्सले पुरत नाही, बाच्या गोरेगाव बाजाराच्या ऑटोभाड्याले जास्त होतात. कायले पाठवले ते सांगितलं नाही.
पाठवले ४,३००.