दोन चमचे शिरखुर्मा

दादा, तुम्हाला जाऊन बत्तीस वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात मलाही साखर निघाली. तुम्ही असता तर म्हणाला असता, घाबरू नको पोरी, चालत जा. मी घाबरले नाही. आईच्या वेळचं सगळं घाबरणं आधीच होऊन गेलं होतं. आईनं पथ्य कधी पाळलं नाही. गुळाचा खडा पदरात बांधून ठेवायची, आणि शेवटी पायाची जखम चिघळली, पाय कापला तरी ती वाचली नाही. वर्षभरानं वाळूजच्या कारखान्यात सगळ्या कामगारांची तपासणी झाली आणि तुम्ही कागद हातात घेऊन घरी आलात. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्याच संध्याकाळी साखरेचा डबा मी शेजारच्या काकूंना देऊन टाकला.

तुम्ही एका शब्दानं कुरकुर केली नाही, हेच मला आता जास्त लागतं. ज्वारीची भाकरी, मेथी, कारलं, जे वाढीन ते खायचात. पहाटे पदमपुऱ्यातून निघून छावणीपर्यंत चालत जायचात आणि परत येऊन शिफ्टची बस पकडायचात. देवगाव रंगारीहून काका यायचे, गुऱ्हाळातल्या उसाच्या रसाच्या काहिलीची गोष्ट काढायचे, तर तुम्ही हसून विषय बदलायचात. एकदाच म्हणालात, "बाई, मी लई बेतानं राहतो. सणासुदीला दोन घास खाल्ले तर बिघडत नाय." मी ऐकलंच नाही. मला आईचा पाय दिसत होता.

मग ती ईद. तुमच्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला असणारे, छावणीत राहणारे चाचा. मी शाळेत होते तेव्हापासून आपण दरवर्षी त्यांच्याकडं जायचो. त्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीपेक्षा लवकर उठलात, छावणीची फेरी दोनदा मारलीत. जेवताना अर्धीच भाकरी घेतलीत, भाताला नको म्हणालात. मला वाटलं, भूक नसेल. दुपारी चाचांच्या बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले आहेत, चाची छोट्या वाट्यांतून शिरखुर्मा आणते आहे, आणि तुम्ही पहिला चमचा तोंडात घालून डोळे मिटता. मी उठते. तुमच्या हातातली वाटी काढून घेते आणि सगळ्यांसमोर म्हणते, "आईसारखं मरायचंय का तुम्हाला?" चाचा म्हणाले, "बेटी, दो चम्मच ही तो हैं." मी त्यांनाही सुनावलं, की तुमचं काय जातं, निस्तरायचं आम्हाला असतं.

आपण परत निघालो. रेल्वेच्या पुलाशी आल्यावर म्हणालात, "मला घरी काय बी बोलली असतीस तर चाललं असतं. त्याच्या दारात नको व्हतं." एवढंच. पुढच्या ईदेला शेतातलं काम काढून तुम्ही देवगावला गेलात, त्याच्या पुढच्याही. चाचा आपल्याकडं यायचे थांबले. कारखान्यात भेटत असाल, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. घरात मात्र मी समाधानात होते, की माझ्यामुळं तुमची साखर जागेवर आहे.

आणि ती होतीच जागेवर. चौथ्या वर्षी तुम्ही अंगणात दाढी करता करता कोसळलात. दवाखान्यातले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, काहींची ती जन्मापासून नाजूक असते. साखरेचा याच्याशी काही संबंध नाही, यांनी तर तब्येत फार छान ठेवली होती. मी ते ऐकलं. नीट ऐकलं. तिसऱ्या दिवशी चाचा आले, दारातच उभे राहिले. हातात टोपी. विचारलं, कशानं गेला. मी म्हणाले, "गोड खाऊन." ते तसेच मागं फिरले. पुढं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगितलं. पथ्य मोडलं असं म्हटलं की माझं इतक्या वर्षांचं वागणं बरोबर ठरत होतं.

परवा दवाखान्यात आहार सांगणारी मुलगी, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, मला समजावत होती. म्हणाली, आवडीचं कायमचं तोडू नका, माणूस मग चोरून खातो. सणाला थोडं घ्या. त्या दिवशी भात-पोळी कमी करा, जास्त चाला. मी तिच्यासमोर रडायला लागले. तिला वाटलं, आजाराच्या भीतीनं. दादा, ती दोन फेऱ्यांची सकाळ, ती अर्धी भाकरी. तुम्हाला हे कुणीच शिकवलं नव्हतं.

काल ईद झाली. मी चाचांकडं गेले. आता पंच्याऐंशी तरी असतील, ऐकू कमी येतं, पण मला ओळखलं. त्यांच्या सुनेनं दोन चमचे शिरखुर्मा आणला. मी सकाळी चालून, भात सोडून गेले होते. खाल्ला. चाचांपुढं फक्त पाण्याचा पेला होता. मी विचारलं तर सून म्हणाली, "अब्बा नहीं लेते. आपके वालिद के बाद से घर में किसी ईद को मुँह मीठा नहीं किया. कहते हैं, मेरी कटोरी ने उसको मारा." चाचा माझ्याकडं बघून हसत होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "चाचा, छान झालाय."

एवढंच बोलून आले. इथं खाली मी 'उद्या जाऊन त्यांना खरं सांगते' असं लिहिलं होतं. ते खोडलंय, दादा. मी जाईन की नाही, मला माहीत नाही.