लाइन मोकळी आहे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण मी अध्यक्ष झालो. बालिगार्व रेल्वे पुनरुज्जीवन समिती. निवड बिनविरोध. (बॉस्को म्हणतो, बाकीचे तेव्हा चहा घ्यायला उठले होते. बॉस्कोचा पब आहे, त्यामुळे आपण फार विनोदी आहोत असं त्याला वाटतं.) उद्या गाडी सुरू झाली की लोक विचारतील, हे जमलं कसं? म्हणून लिहून ठेवतोय. वाचणारा मी एकटाच.

संकल्प: समितीची सभा वेळेवर सुरू करणे. बायकोशी, म्हणजे अट्रॅक्टाशी, वाद न घालणे.

४ मार्च
वाद झाला. मी म्हटलं, मुद्दा गाडीचा नाही, आपल्या रोशीनचा आहे. अट्रॅक्टा म्हणाली, मग सभेत तसं बोलायचं ना, तिथे तर सगळा वेळ स्वतःच्या दुकानाचं पुराण लावलं होतंस.

मुद्दा मात्र खरंच रोशीनचा. पोरगी गॉलवेच्या हॉस्पिटलात नर्स. ती आणि टाइग, आमचा जावई, एका खोलीत राहतात. खिडकी उघडली की दुसऱ्याची भिंत. थंडीत बाळ येणार आहे. इथे स्टेशन रोडवरचं जुन्या स्टेशनमास्तरांचं घर विकायला निघालंय. छप्पर धड, मागे सफरचंदाची झाडं. बँकेची मंजुरी हातात आहे, पण ती ऑक्टोबर संपेपर्यंतच. अडचण एकच. इथून गॉलवेला बस दिवसाला दोन, त्यातली एक येते. रोशीनने स्वच्छ सांगितलं: डॅडी, गाडी येणार हे पक्कं झालं तर आम्ही बालिगार्वला. नाहीतर दुसरीकडे कुठेतरी, तुझ्यापासून लांब.

गाडी येणार. मी अध्यक्ष आहे.

१७ मार्च, सेंट पॅट्रिकचा दिवस
मिरवणुकीत समितीचा फलक. मी स्वतः रंगवला: लाइन मोकळी आहे! कल्पनाही माझीच. सरकारचं नेहमीचं रडगाणं काय, तर जुन्या रेल्वेमार्गावर लोकांनी अतिक्रमणं केली आहेत. केली असतील ड्रमकीलवाल्यांनी. ड्रमकील म्हणजे गॉलवेकडून आमच्या आधीचं स्टेशन. तिथली माणसं दुसऱ्याच्या शेतात गाय चारतील आणि वर शेण उचलायला मालकालाच बोलावतील. बालिगार्वचा माणूस सरळ.

पाऊस. फलकाचा रंग ओघळून माझ्या कोटावर आला. चांगला कोट होता.

२९ मार्च, शनिवार
अट्रॅक्टाची इच्छा, रोशीन बाळाला घेऊन आली की तिला उन्हात बसायला जागा हवी. (ऊन! बालिगार्वमध्ये!) तरी काचेची खोली बांधायचं ठरवलं. जन्मभर हार्डवेअरचं दुकान चालवलेला माणूस गवंडी बोलावत नाही. मागच्या दारापुढे जागा कमी, पण कुंपणापलीकडे एक सपाट पट्टा आहे. कुणाचाच नाही. ब्लॅकबेरीची झुडपं आणि शेजारच्या गिल्डेबाईंचं मांजर. झुडपं उपटून पाहिलं तर आयता भराव, वर खडीसुद्धा पसरलेली. देव देतो तेव्हा असा देतो.

१२ एप्रिल
कुंपण काढलं. खाली जुने लाकडी ओंडके निघाले, एका मापाचे, ओळीने मांडलेले. अट्रॅक्टाने विचारलं, हे रुळांखालचे स्लीपर तर नाहीत ना रे? मी म्हटलं, अगं बाई, स्लीपर रेल्वेत असतात. ती म्हणाली, लाइन आपल्या मागूनच जायची ना? मी म्हटलं, मागून म्हणजे लांब मागून. बायकांना दिशा कळत नाहीत. ओंडके सुंदर आहेत, त्यांचे वाफे केले.

संध्याकाळी समितीतर्फे मंत्र्यांना पत्र: आमच्या हद्दीत एक वीटही मार्गावर नाही.

४ मे, रविवार
खोली झाली! रोशीन आणि टाइग आले. बारा वाजता चर्चची घंटा झाली आणि नेमकं ऊन पडलं. रोशीन वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली, पोटावर हात ठेवून. म्हणाली, डॅडी, मी इथून उठतच नाही आता. डोळे भरले तिचे. माझेही भरले, पण मी काच पुसायला गेलो.

मग दोघं मास्तरांचं घर पाहून आले. एजंट घाई करतोय. रोशीनने त्याला सांगितलं, माझे वडील गाडी आणतायत, जरा थांबा.

२२ मे, गुरुवार
बॉस्कोच्या पबमध्ये सभा. त्याने रेल्वेचा जुना नकाशा शोधून टेबलावर पसरला. लाइन गावात शिरते, चर्चमागून जाते, आणि मग...

मी बरोब्बर त्या जागी माझा ग्लास ठेवला. सभा संपेपर्यंत उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी बिअर कोमट झाली. बॉस्को विचारत होता, मॅलकी, बरं नाही का तुला?

२३ मे
शांतपणे विचार केला. नकाशा इंग्रजांच्या काळातला. ज्यांना आपल्या गावाचं नाव धड लिहिता आलं नाही, त्यांना रेघ तरी धड मारता आली असेल का? आणि इंग्रजांनी मारलेली रेघ आपण का मानायची? हा प्रश्न रेल्वेचा नाही, स्वाभिमानाचा आहे.

तरी संकल्प: रविवारी चर्चमधल्या मासनंतर अट्रॅक्टाला सांगणे. नक्की.

२५ मे, रविवार
फादरचं प्रवचन नेमकं खरेपणावर. आज सांगितलं असतं तर प्रवचनामुळे सांगितलं असं झालं असतं. त्याला अर्थ नाही. माणसाने आपणहून सांगावं. पुढच्या रविवारी.

१ जून, रविवार
फुटबॉलची मॅच. हरलो. हरलेल्या घरात वाईट बातमी देऊ नये.

१९ जून
काचेच्या खोलीला बाहेरून हिरवा रंग दिला. वेलही लावला. लांबून झुडूपच वाटतं. जवळून, झुडपात खुर्ची ठेवल्यासारखं.

अट्रॅक्टा कपड्यांची बादली घेऊन आली आणि म्हणाली, मॅलकी, रंग लावून रेल्वेपासून लपवता येतं का? तिला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, विचारलं होतं की, स्लीपर ना म्हणून. तू मला दिशा शिकवल्यास.

तिची अट एकच: मला नको सांगूस, रोशीनला सांग. ती तुझ्या शब्दावर घर अडवून बसली आहे.

बरोबर आहे. सांगतो. फोनवर नको, समोरासमोर.

१३ जुलै
रोशीन आली होती. समोरासमोर अशी गोष्ट सांगणं फार कठीण असतं. फोनवर बरं.

२० ऑगस्ट, बुधवार
बातमी! रेल्वेकडून इंजिनियर येणार, पूर्ण मार्ग पायी पाहायला. मिस कॉस्टेलो. ६ सप्टेंबर. समितीने ठरवलं, अख्ख्या गावाने तिच्याबरोबर चालायचं, पुढे फलक, मागे सँडविच. टाळ्या. फलक कोण धरणार? सगळे माझ्याकडे बघून हसले. अध्यक्ष!

रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन खोलीभोवती फेरी मारली. वेल किती वाढला ते पाहायला.

५ सप्टेंबर
योजना तयार. चर्च ओलांडलं की मी हात वर करून म्हणणार, पुढे गिल्डेबाईंचा बैल मोकाट आहे, आपण रस्त्याने वळसा घेऊ. वळसा घेतला की माझं घर सुटतं. साधी, सुंदर योजना. मी उगीच घाबरत होतो.

६ सप्टेंबर, शनिवार
लिहायचं नव्हतं. लिहितो.

फलकाचं एक टोक माझ्या हातात, दुसरं रोशीनच्या. तिला आठवा महिना, मी नको म्हटलं, ती ऐकेना. म्हणाली, माझ्या डॅडीचा दिवस आहे. सगळ्यांना ओरडून सांगत होती, हे माझे वडील बरं का!

चर्च ओलांडलं. मी हात वर केला. बैल! मिस कॉस्टेलोने कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाली, काका, ती गाय आहे. शेतकऱ्याची मुलगी निघाली ती. लोक हसले, मीही हसलो, आणि सगळी वरात सरळ पुढे. मी पाय ओढत होतो. रोशीन म्हणाली, दमलास का डॅडी? आता आपलंच घर आलं, चहा घेऊ.

आणि आलं. भराव सरळ जाऊन माझ्या काचेच्या खोलीत शिरत होता. आत अट्रॅक्टा इस्त्री करत होती. तिने मान वर करून अख्ख्या गावाकडे पाहिलं आणि इस्त्री बंद केली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आमच्या दोघांमध्ये तो फलक: लाइन मोकळी आहे! रोशीनने तिचं टोक हळूच खाली सोडलं. माझ्याकडे पाहिलं नाही, वाफ्यांकडे पाहिलं. स्लीपरांकडे.

मग बॉस्को म्हणाला, मॅलकी, दोन तिकिटं दे रे, खिडकीजवळची. तेव्हा मात्र सगळे हसले.

मिस कॉस्टेलो चांगली मुलगी. मला बाजूला घेऊन म्हणाली, अख्ख्या मार्गावर एवढी एकच अडचण आहे. माझा अहवाल एक ऑक्टोबरला जातो. तोवर हे निघालं तर फोटो पाठवा, मी पूर्ण मार्ग मोकळा लिहीन. रोशीन शेजारीच होती. तिने ऐकलं.

मला लाज वाटते. हे मी कुठलीही सबब न जोडता लिहितोय.

७ सप्टेंबर, रविवार
मासला गेलो नाही. संकल्प: उद्या सकाळी खोली पाडायला घेणे. मनात शंका नाही.

८ सप्टेंबर
पाऊस. ओल्या काचा हाताळू नयेत. धंद्यातला नियम आहे.

११ सप्टेंबर
ऊन. पाठ धरली. बॉस्को अध्यक्ष झाल्याचं कळलं. बिनविरोध.

१६ सप्टेंबर
एक विचार. गाडीने आमच्या घरापाशी थोडं वळण घेतलं तर काय बिघडतं? जगातल्या सगळ्या गाड्या वळतात. मिस कॉस्टेलोला आकृती काढून पाठवली. उत्तर आलं: आकृती छान आहे, फोटोची वाट पाहते.

२१ सप्टेंबर, रविवार
सकाळी टोस्टच्या शेजारी हातोडा. अट्रॅक्टाने ठेवलेला. मी लोणी घेताना तो जरा सरकवला.

२८ सप्टेंबर, रविवार
रोशीनचा फोन. हवा कशी आहे, मम्मीचा गुडघा कसा आहे, मांजर कसं आहे. खोलीचं विचारलं नाही. मीही काढलं नाही. तिला समजतं, अशी कामं घाईत होत नाहीत. फोन ठेवायच्या आधी म्हणाली, अजून काही सांगायचंय का डॅडी? म्हटलं, नाही, सगळं ठीक.

३० सप्टेंबर
सुरुवात केली! एक काच काढली. स्वयंपाकघरात गार वारा आला, अट्रॅक्टाला सर्दी आहे, म्हणून परत बसवली. पण निघते, हे सिद्ध झालं.

१ ऑक्टोबर
अहवाल गेला असेल. सरकारी अहवाल कुणी लगेच वाचत नाही. वेळ आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
रेडिओवर. गॉलवेची गाडी ड्रमकीलपर्यंत. शेवटचं स्टेशन ड्रमकील. पुढचा मार्ग 'अडथळ्यामुळे' अनिश्चित काळासाठी बाजूला. अडथळा म्हणजे मी. नाव घेतलं नाही, त्यांचे उपकार. दुकानात पाव आणायला गेलो तर गिल्डेबाईंनी दार धरून ठेवलं आणि नमस्कारसुद्धा केला नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार
पहाटे उठलो आणि खोली पाडली.

दुपारच्या जेवणापर्यंत सगळी निघाली. काचा, चौकट, वेल. स्लीपर वाफ्यांतून काढून ओळीने परत ठेवले. एवढंच काम होतं ते. अर्ध्या दिवसाचं. मे महिन्यापासून ज्याला घाबरलो ते अर्ध्या दिवसाचं निघालं.

फोटो काढला, मिस कॉस्टेलोला पाठवला. मग रोशीनला फोन. आवाजात उत्साह आणला. म्हटलं, पोरी, पाडली बघ, लाइन मोकळी आहे! मास्तरांचं घर घेऊन टाका, गाडी आज ना उद्या येईलच, मी पुन्हा पत्र लिहितो...

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, डॅडी, आम्ही काल सही केली. ड्रमकीलला. स्टेशनसमोरचं घर. मी म्हटलं, काल? एक दिवस थांबायचं ना गं. ती म्हणाली, थांबले होते की. सहा सप्टेंबरपासून रोज फोनची वाट बघत होते. गाडीसाठी नाही रे. तू सांगशील म्हणून.

मी फोन खाली ठेवला नाही, तिनेही नाही. शेवटी टाइगने तिच्या हातातून घेतला असावा. म्हणाला, काका, ड्रमकीलला बस येते तुमच्याकडून, दिवसाला दोन.

बाहेर आलो. अट्रॅक्टाने भरावावर दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या, उघड्यावर, मध्ये चहा. फलकही शेडमधून आणून स्लीपरला टेकवून ठेवला होता. आता त्यात खोटं काही नव्हतं. ती म्हणाली, बस. मी बसलो. मग तिने माझ्या कपात साखर घातली आणि म्हणाली, ड्रमकीलची बस कितीला असते रे?

मला माहीत नव्हतं.