नानांचा ट्रक का अडकत होता

प्रिय दादा,

तुझा कॉम्प्युटर आज ठीक झाला. काय बिघडलं होतं ते घरात कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुलाच लिहितेय. आणि थोडं भांडायचंही आहे.

तू गेल्यावर नाना तुझ्या कॉम्प्युटरच्या टेबलाकडे फिरकतच नव्हते. लकव्यातून उठलेल्या त्यांच्या उजव्या हाताला तेवढाच व्यायाम होता, तूच लावून दिलेला: टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग आणि ट्रकचा गेम. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी कधी हातात धरला का? आयुष्यभर आग्रा रोडवर गाडी मारलेला माणूस चेंडू कशाला दाबत बसेल! शेवटी मीच मागे लागून त्यांना परत स्टिअरिंगवर बसवलं.

सुरुवातीला छान चाललं. सोनगीर ओलांडून मोकळा रस्ता लागल्यासारखे निवांत मागे टेकून बसले होते. मग गेम अडकायला लागला. वळणावर चित्र थबकायचं आणि पुढच्या क्षणी ट्रक थेट शेतात. नाना स्टिअरिंग सोडून आपल्या हाताकडे बघत राहिले. "मना हातच आते काम करत नही," म्हणाले. पुन्हा पुन्हा तेच झालं, तेव्हा बसणंच सोडलं. शर्टाची बटणंही आईकडून लावून घ्यायला लागले रे. मला फार भीती वाटली.

मी समजावलं, मशीन अडकतंय, तुमचा हात नाही. पण पटणार कसं? तुझ्या वेळी कधी अडकत नव्हतं ना!

मग मी व्हिडिओ बघत बसले. गेममधल्या सावल्या बंद केल्या, ट्रकचे आरसे धूसर केले, सगळं ग्राफिक्स खाली आणलं. ग्राफिक्स कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नवं टाकलं. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. फरक म्हणशील तर शून्य. एकदा तरी मला कॉम्प्युटरच्या त्या डब्याला हात लावू द्यायचास! "सोनू, लांबून बघ," एवढंच तुझं शिकवणं.

आज एका व्हिडिओत सांगितलं, आधी नीट चालून मग अडकत असेल तर तापमान बघा. पाहिलं तर नव्वदच्या वर! धुळ्याचा उन्हाळा धरला तरी एवढं? झाकण काढायला वाकले आणि आधी हसूच आलं मला, मग रडू. डब्याच्या वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते ना? तिथेच आईने भरतकामाचा रुमाल अंथरून तुझा फोटो ठेवलाय. चंदनाचा हार, शेजारी उदबत्तीचं घर. ऑफिसातून आलास की तिथेच बसायचास, म्हणून तुझी जागा तीच, हे तिने ठरवलेलं. सगळी हवा तूच कोंडून बसला होतास, दादा.

आता हे आईला सांगायचं कसं? तेराव्यापासून तिने त्या फोटोला कुणाला हात लावू दिलेला नाही. घाबरतच सांगितलं, की वरून झाकलंय म्हणून मशीन तापतं, तापलं की अडकतं, आणि नानांना वाटतं हात गेला. तिने पदराला हात पुसले, फोटो उचलून छातीशी धरला, रुमाल काढला आणि जाळीवर तळवा टेकवला.

"इतलं गरम? मंग आधी का नही सांगं?"

एवढंच. तुझा फोटो घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यासमोरच्या खिळ्यावर लावून आली. मी ब्रशने राख आणि धूळ काढली.

दुपारी नानांना जवळजवळ ओढतच आणलं. वळणं आली, घाट आला, चित्र कुठेच थबकलं नाही. ट्रक मालाच्या आवारात रिव्हर्स घेऊन सरळ रेषेत उभा केला त्यांनी. मग उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली, परत मिटली.

"हात चांगला शे," म्हणाले.

तेव्हा तू हवा होतास. फार हवा होतास.

काळजी करू नकोस. जाळी मी साफ ठेवीन, नानांना रोज गाडीवर बसवीन. आणि त्या डब्यावर यापुढे कुणालाही बसू देणार नाही. तुलासुद्धा नाही.

तुझी,
सोनू