मधल्या वर्तुळातला हापसा

लातूर,
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप शिवप्पा दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा चंद्रप्पा याचा शरणार्थ.

इकडं आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे टँकर येतो. उमाअक्काचा गुडघा कसा आहे? तुमचं पित्त कमी झालं का? आंबट सोडलं असेल तर झालं असेल (सोडलं नसणार, मला माहीत आहे).

पत्र लिहायचं निमित्त आनंदाचं आहे. आपला जिल्हा वेगळा होऊन वर्षसुद्धा भरलं नाही, नव्या कचेरीत आम्हा कारकुनांना अजून पुरत्या खुर्च्या आल्या नाहीत, पण जिल्ह्याचा बास्केटबॉल संघ तयार आहे आणि मी त्याचा चिटणीस आहे. येत्या हंगामाचा पहिलाच सामना तुमच्या नांदेडात, आणि तोही उस्मानाबादशी. कालपर्यंत त्यांच्याच संघातून खेळायचो आपण! वाटणी झालेल्या भावाकडं पहिल्यांदा जेवायला जावं तसं वाटतंय. पण जिंकणार आपणच, आणि का ते सांगतो.

आमचा संघ व्यावसायिक आहे, म्हणजे प्रत्येकाला काही ना काही व्यवसाय आहे. विरूपाक्ष उदगीरच्या डाळमिलमध्ये असतो. एवढा उंच की मिलच्या दारातून वाकून जातो. तो उडी मारत नाही, कारण जन्मात कधी गरज पडली नाही. व्यंकटी औसा गाडीवर कंडक्टर. दाटलेल्या गाडीत तिकिटं फाडत मागच्या बाकापर्यंत पोचणारा माणूस, त्याला उस्मानाबादवाले काय अडवणार? जळकोटचे दोघं जुळे आहेत, समोरच्याला कळत नाही कोणाला धरावं (आम्हालाही कळत नाही, पण आम्हाला धरायचं नसतं). आणि पाचवा ज्ञानोबा, बोअरच्या गाडीवर काम करणारा. त्याच्या दंडात असं बळ की अर्ध्या मैदानावरून चेंडू रिंगेत टाकतो. या सगळ्यांना शिकवतात पंचशीलाबाई, इथल्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. विद्यापीठाकडून खेळलेल्या आहेत, कमी बोलतात, आणि शिट्टी गळ्यात असूनही फारशी वाजवत नाहीत. नुसतं बघतात. तेवढ्यानं विरूपाक्षसुद्धा पळतो.

आता मैदानाचं ऐका. बोर्ड उभे केले, चुन्यानं रेघा मारल्या, आणि त्याच आठवड्यात गल्लीतल्या विहिरीनं तळ दाखवला. सरकारी माणूस पाणी बघायला आला. सगळी वस्ती पालथी घातली आणि त्यानं बोट ठेवलं ते नेमकं आमच्या मधल्या वर्तुळावर. मी त्याला दहा ठिकाणं सुचवली, शेजारच्या देवळाचं अंगणसुद्धा. तो म्हणाला, पाणी तुमच्या सुचवण्यानं सरकत नसतं.

दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली आणि गाडीवर कोण, तर आमचाच ज्ञानोबा. मी जाऊन वर्तुळात बसलो. दाजी, खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. आजवर आपल्या जिल्ह्याचं म्हणून माझ्या डोळ्यांपुढं एवढी एकच गोष्ट तयार झाली होती. भोवती बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. नागुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिला अख्खी गल्ली भिते, तीही घागर खाली टेकवून माझ्याकडं बघत होती. ज्ञानोबानं इंजिन बंद केलं, खाली उतरला.

"अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. न्हाई म्हणा, गाडी माघारी नेतो."

मी पंचशीलाबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाणी लागलं तर हापशाच्या दोन्ही बाजूंनी खेळू. न लागलं तर भोक बुजवून खेळू. खेळायचं तर आहेच. उठा."

मी उठलो आणि म्हणालो, खोद.

दुपार कलली तरी धूळच उडत होती. मग धूळ ओली झाली, मग चिखल आला आणि मग एकदम पाणी उसळलं. ज्ञानोबा नखशिखांत भिजला. नागुबाईनं पहिली ओंजळ स्वतःच्या तोंडाला न लावता माझ्या हातावर ओतली. चव लई खारट होती, पण मी दोनदा प्यालो.

मधल्या वर्तुळात हापसा बसला, आणि तेव्हापासून सराव फार सुधारला आहे. मैदानभर रांग असते, त्यामुळं पोरं घागरींमधून टप्पे मारत चेंडू नेतात. एकही घागर फुटत नाही. एकदा फुटली, तेव्हा नागुबाईनं व्यंकटीला जे ऐकवलं त्यानंतर उस्मानाबादचे प्रेक्षक काय बोलतील ते त्याला ओवीसारखं वाटेल. ऊन उतरलं की तीच सगळ्यांना दटावते, "सरका गं, पोरं खेळू द्या," आणि बाया घागरी कडेला लावून बघत बसतात. आता त्यांना नियमही कळतात. परवा विरूपाक्षनं चेंडू सोडला तर तिघी एकदम म्हणाल्या, उडी मार. दाजी, त्यानं मारली.

तेव्हा आमच्याबद्दल निश्चिंत असावं. अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
चंद्रप्पा

ता. क. : औशाला एक सराव सामना खेळलो, ते वर लिहायचं राहिलं. हरलो. तिथलं मैदान सपाट आणि मोकळं. आमचा जो तो चेंडू घेऊन मधोमध आला की सवयीनं वळसा घालायचा. पाचही जण, मध्यंतराच्या आधी आणि नंतरही, सामना संपेपर्यंत. पंचांनी शेवटी खेळ थांबवून तिथं काय आहे ते वाकून पाहिलं.

पुन्हा ता. क. : म्हणून विनंती की, सामन्याच्या आधी आठवडाभर आम्हाला तुमच्या घरी उतरू द्यावं आणि तुमच्या मंडळाच्या मैदानावर सराव करू द्यावा. मैदानाच्या मधे काही नसतं, याची पोरांना सवय झाली पाहिजे. आम्ही बाईंसह सातजण आहोत, पण नागुबाईही येते म्हणते, आणि तिला नाही म्हणायचं काम पंचशीलाबाईंनी माझ्यावर सोपवलं आहे. तेव्हा आठजण धरावेत. पोरं जेवणाचं काही मागत नाहीत. फक्त गोदावरी घरापासून किती लांब आहे, एवढं विचारून राहिलेत.