आईचं चोरून रडणं

गुरुवार, संध्याकाळ

मावशी जाऊन आठवडा झाला. आज आईला मोरीत रडताना पाहिलं. नळ मोठा सोडून रडत होती, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

तिरोड्याला मावशीची माती करून घरी आलो, त्या दिवशी ती मोकळ्या गळ्याने रडत होती. मी नुकताच विपश्यनेच्या शिबिरातून आलेलो. म्हणालो, "आई, सर्व अनित्य आहे. दुःख धरून नको बसू." ती लगेच गप्प झाली. मला वाटलं, धम्म कामी आला. बायकोला तसं ऐकवलंही. काय तो माझा तोरा!

आज विचारलं, "आई, नळ काऊन सोडला होता?"

"तूच त म्हणला ना बाबू, दुःख धरू नको. मी कोसिस करून राहिली."

पाठची बहीण गेलेल्या बाईला मी हे शिकवलं? करुणा कुठे गेली होती माझी? नुसतं जवळ बसलो असतो तर? तो नळ अजून कानात वाजतोय.

शेवटी म्हटलं, "मावशी लहानपणी कशी होती, सांग ना."

तिने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "राहू दे आता. तुझा ध्यानाचा टाइम झाला."